शहरातून दीर्घिकांचे छायाचित्रण

शहरातल्या उजळ आकाशाखाली, घराच्या गच्चीवरून किंवा सोसायटीच्या आवारातून, हौशी दुर्बिणीला कॅमेरा जोडून आपल्या आकाशगंगेपलीकडच्या दीर्घिकांची (अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांची) छायाचित्रे घेण्याचा छंद. यासाठी साधारणपणे ५० ते २०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण, तारे ज्या गतीने सरकतात त्या गतीने दुर्बीण फिरवणारे माउंट, डिजिटल कॅमेरा आणि संगणक लागतो. शहरातून चंद्र आणि ग्रहच टिपावेत, दीर्घिकांसाठी गावाबाहेर जावे, असा समज फार काळ रूढ होता. डोळ्याने पाहण्यापुरता तो आजही खरा आहे. छायाचित्रणात मात्र शहराच्या उजेडाची भरपाई वेळ देऊन करता येते आणि ती किती करावी लागेल याचा हिशेबही मांडता येतो.

अडचण नेमकी कोठे

रस्त्यावरचे दिवे, जाहिरातींचे फलक आणि इमारतींवरचे झोत यांचा वर जाणारा प्रकाश हवेतील रेणू, धूळ आणि बाष्पकण यांच्यावर विखुरतो व खाली परत येतो. त्यामुळे सगळे आकाशच मंद प्रकाशाने भरून जाते. आकाशाची ही उजळता दर चौरस विकलेमागे (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) किती प्रतीचा प्रकाश येतो यावरून मोजतात. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. अतिशय काळोख्या जागी ही उजळता २१.५ ते २२ प्रतीची असते, तर मोठ्या शहराच्या मध्यभागी १८ च्या आसपास. एका प्रतीचा फरक म्हणजे प्रकाशात सुमारे अडीचपट फरक. त्यामुळे साडेतीन प्रतींच्या अंतराचा अर्थ शहराचे आकाश जवळजवळ २५ पट उजळ, असा होतो. जॉन बोर्टल या अमेरिकी हौशी निरीक्षकाने २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाची १ ते ९ अशी श्रेणी मांडली. आपली मोठी शहरे तिच्या ८ व्या-९ व्या पायरीवर येतात.

सर्पिल दीर्घिकेचा गाभा तेजस्वी असतो, पण तिचे बाहेरचे बाहू २२-२३ प्रतीइतके फिकट असतात. म्हणजे शहरातून टिपलेल्या चित्रात बाहूंचा प्रकाश आकाशाच्या उजेडाच्या चाळिसाव्या ते शंभराव्या हिश्श्याइतकाच भरतो. मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या यादीतील ३३ वी, त्रिकोण तारकासमूहातील दीर्घिका एकूण तेजाने ५.७ प्रतीची आहे, तरी शहरातून ती फार हट्टी ठरते. कारण तिचे तेज चंद्रबिंबाच्या दुपटीहून लांब पट्ट्यावर पसरलेले आहे. उलट ८.४ प्रतीची ८२ वी दीर्घिका लहान आणि घट्ट असल्याने पटकन उमटते. म्हणूनच शहरात लक्ष्य निवडताना यादीतली एकूण प्रत पाहून चालत नाही. ते तेज किती जागेवर पसरले आहे हे आधी पाहावे लागते.

समजा, कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर दर सेकंदाला आकाशाचे ६० आणि दीर्घिकेच्या बाहूचा १ प्रकाशकण पडतो. एका मिनिटात आकाशाचे ३,६०० कण जमतात आणि दीर्घिकेचे ६०. आकाशाचे सरासरी ३,६०० कण संगणकावर वजा करणे सोपे आहे. पण प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. शेजारच्या पिक्सेलवर ते ३,५४० असतील, त्यापलीकडे ३,६६०. हा चढउतार एकूण संख्येच्या वर्गमूळाइतका, म्हणजे येथे ६० चा असतो. दीर्घिकेचा संकेतही ६० च आहे, त्यामुळे तो चढउतारात हरवतो. असेच एक तास टिपले तर दीर्घिकेचे ३,६०० कण जमतात आणि आकाशाचा चढउतार सुमारे ४६५ च राहतो. चार तासांत १४,४०० विरुद्ध ९३० असा फरक पडतो आणि बाहू स्वच्छ दिसू लागतात. संकेत वेळेच्या प्रमाणात वाढतो, चढउतार मात्र वेळेच्या वर्गमूळाने. शहरातून दीर्घिका टिपणे याच गणितावर उभे आहे. त्याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे: काळोख्या गावात एका तासात मिळणाऱ्या दर्जासाठी २५ पट उजळ आकाशाखाली सुमारे २५ तास द्यावे लागतात.

फिल्टरचा मर्यादित उपयोग

तेजोमेघांचे छायाचित्रण करणाऱ्यांना शहरात मोठी सोय असते. तेजोमेघ हायड्रोजन, ऑक्सिजन अशा मूलद्रव्यांच्या ठरावीक तरंगलांबींतच चमकतात, त्यामुळे तेवढेच रंग आत सोडणारा अरुंद फिल्टर लावला की शहराचा बहुतेक उजेड बाहेर राहतो. दीर्घिकेचा प्रकाश अब्जावधी ताऱ्यांचा असल्याने तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो. उजेड कापणारा फिल्टर तिचाही प्रकाश कापतो. रस्त्यांवर सोडियम आणि पाऱ्याचे दिवे होते तोवर हा तोटा परवडत असे. त्या दिव्यांचा प्रकाश मोजक्या तरंगलांबींत असल्याने नेमका तेवढाच गाळता येई. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा वर्णपट सलग असतो आणि त्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंचवटा असतो. त्यामुळे जुन्या पद्धतीचे फिल्टर आता दीर्घिकांसाठी फारसे कामाचे राहिलेले नाहीत. लाल हायड्रोजन फिल्टरचा एक उपयोग मात्र उरतो. ३३ व्या दीर्घिकेतील तारे जन्माला घालणारे मेघ आणि ८२ व्या दीर्घिकेच्या गाभ्यातून बाहेर फेकला जाणारा लालसर वायू त्यातून वेगळा टिपून मूळ चित्रात मिसळता येतो. फिल्टरवरचा खर्च नवख्याने पुढे ढकलावा आणि आधी टिपण्याच्या रात्रींची संख्या वाढवावी.

पूर्वपीठिका

शार्ल मेसिए याने अठराव्या शतकात आपली यादी पॅरिसच्या मध्यवस्तीतूनच केली. १७८१ मध्ये छापलेल्या तिच्या अखेरच्या आवृत्तीत १०३ वस्तू होत्या. पुढे भर पडून ती ११० वर गेली. त्यांपैकी सुमारे ४० दीर्घिका आहेत. आयझॅक रॉबर्ट्स याने १८८८ मध्ये इंग्लंडमधून २० इंची परावर्ती दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र घेतले आणि तिची सर्पिल घडण प्रथमच स्पष्ट झाली. १९२३ मध्ये एडविन हबलला माउंट विल्सनवरील १०० इंची दुर्बिणीच्या काचपट्टीवर याच दीर्घिकेतील एक रूपविकारी (तेज बदलणारा) तारा सापडला आणि त्यावरून अंतर काढल्यावर ती आकाशगंगेच्या बाहेर असल्याचे ठरले. ती वेधशाळा लॉस एंजेलिसच्या माथ्यावर आहे आणि पुढे त्याच शहराच्या उजेडाने तिचे आकाश घेरले. फिल्मवर येणाऱ्या प्रकाशाचा एक-दोन टक्के भागच नोंदला जाई. आजचे सेन्सर त्यातील निम्म्याहून पुष्कळ अधिक नोंदतात. हौशी माणसाला शहरातून दीर्घिका टिपणे शक्य झाले ते मुख्यतः यामुळे.

साधने

पैसे जपून खर्च करायचे असतील तर सर्वांत जास्त वाटा माउंटला द्यावा. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात. महाराष्ट्रात येथेच अडचण येते. पुण्या-मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर असतो आणि बहुतेक गच्च्यांवरून तो समोरच्या इमारतीमागे किंवा धुरकटात दडलेला असतो. अशा वेळी आकाशाच्या दुसऱ्या भागाची चित्रे घेऊन, संगणकाकडून तारे ओळखवून अक्ष जुळवतात; नीना या संगणक प्रणालीत ही सोय आहे. युरोपीय अक्षांशांचा विचार करून घडवलेल्या काही माउंटचा प्रतिभाराचा दांडा आपल्या कमी अक्षांशावर तिपाईच्या पायाला अडतो. खरेदीआधी हे विचारून घ्यावे.

दुर्बिणीचे नाभीय अंतर आणि सेन्सरच्या पिक्सेलचा आकार मिळून चित्राचे प्रमाण ठरते. पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घेऊन २०६ ने गुणावा आणि मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एका पिक्सेलमध्ये मावणाऱ्या विकला. ३.७६ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि १,००० मिलिमीटरची आठ इंची न्यूटनी (आरशाची) दुर्बीण असेल तर ते ०.७७ येते. सिमेंटच्या तापलेल्या स्लॅबवरून उठणारी गरम हवा ताऱ्याला बहुधा दोन-तीन विकलांपर्यंत पसरवते, त्यामुळे याहून बारीक प्रमाणाचा शहरात फायदा नाही. देवयानी दीर्घिका तीन अंशांहून लांब, म्हणजे सहा चंद्रबिंबांइतकी पसरलेली आहे. तिच्यासाठी ४०० मिलिमीटरच्या आतले छोटे अपवर्तक (भिंगाची दुर्बीण) किंवा कॅमेऱ्याची टेलिफोटो लेन्सच योग्य.

२०२३ मध्ये बाजारात आलेली सीस्टार एस५० ही ५० मिलिमीटरची स्वयंचलित दुर्बीण भ्रमणध्वनीवरून चालते आणि दहा-दहा सेकंदांची चित्रे आपोआप एकावर एक रचते. तिने या छंदाचे दार अनेकांना उघडून दिले आहे. ती तिपाईवर ठेवून मुलांना शेजारी बसवावे आणि ५१ वी दीर्घिका पडद्यावर हळूहळू उमटताना दाखवावी. तास-दीड तासात तिचा व तिला लागून असलेल्या लहान दीर्घिकेचा गाभा आणि बाहूंचे वळण दिसते.

टिपणे आणि सुधारणे

शहरात एकेक उघडीप, म्हणजे एका चित्रासाठी सेन्सरवर प्रकाश घेण्याचा वेळ, छोटीच ठेवतात. सेन्सर वाचताना त्याचा स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतो, पण उजळ आकाशाचा चढउतार त्याला काही सेकंदांतच गिळून टाकतो. त्यामुळे पाच मिनिटांच्या उघडिपीने काही जास्त हाती लागत नाही आणि तेजस्वी तारे मात्र जळून पांढरे होतात. ३० ते ६० सेकंद बहुधा पुरतात. एका रात्रीत अशी शेकडो चित्रे जमतात. वाऱ्याने हललेली, ढग आलेली चित्रे निवडून टाकायची आणि उरलेली सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या संगणक प्रणालींत एकावर एक रचायची. विमाने व उपग्रहांच्या रेघा एखाद्या-दुसऱ्याच चित्रात त्या जागी असतात, म्हणून सांख्यिकी गाळणीत त्या निघून जातात. मधूनमधून दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवणे, ज्याला डिदरिंग म्हणतात, कधीही टाळू नये. नाहीतर सेन्सरचे ठरावीक दोष चित्रात तिरप्या ओरखड्यांसारखे साचतात.

नवखे लोक कंटाळा करतात ते फ्लॅट चित्रांचा, म्हणजे प्रकाशाची असमानता दुरुस्त करण्यासाठी घेतलेल्या एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या चित्रांचा, आणि शहरात तीच सर्वांत महत्त्वाची आहेत. प्रत्येक दुर्बिणीत मध्यापेक्षा कोपऱ्यात प्रकाश कमी पोचतो आणि सेन्सरवरच्या धुळीची गोल वलये पडतात. वरच्याच उदाहरणात कोपऱ्यात २० टक्के घट असेल तर आकाशाचे ७२० कण कमी होतात, आणि दीर्घिकेचे सगळे मिळून ६० च आहेत. फ्लॅटमध्ये एका टक्क्याची चूक राहिली तरी ती ३६ कणांची, म्हणजे बाहूच्या निम्म्याहून मोठी असते. काळोख्या जागी हीच चूक नजरेतही येत नाही. म्हणून कॅमेरा न फिरवता, फोकस न हलवता, दुर्बिणीच्या तोंडावर एकसारखा उजळ पांढरा फलक धरून किंवा पहाटेच्या आकाशाकडे तोंड करून दर वेळी वीस-तीस फ्लॅट घ्यावेत. त्यानंतरही एका बाजूने शहराची झळाळी उरतेच. ग्रॅक्सपर्टसारखी प्रणाली हा उतार काढून टाकते. येथे हात राखून काम करावे. अशा प्रणालीने पार्श्वभूमी जास्तच सपाट केली तर दीर्घिकेचा बाहेरचा प्रभामंडळही तिच्याबरोबर जातो आणि उरते ते एक काळ्या कागदावर कापून चिकटवलेले चित्र.

पौर्णिमेचा चंद्र काळोख्या गावातले आकाश पंधरा-वीस पटींहूनही उजळ करू शकतो. आधीच तितके उजळ असलेले शहराचे आकाश तो साधारण दुप्पटच उजळ करतो. चांदण्या रात्रीही दुर्बीण आत ठेवावी लागत नाही, हा शहरवासीयांचा एक छोटा लाभ आहे.

महाराष्ट्राचे आकाश

शहराची झळाळी क्षितिजाजवळ सर्वांत दाट आणि डोक्यावर सर्वांत विरळ असते. पुण्या-मुंबईच्या अगदी माथ्यावरून १८-१९ अंश उत्तर क्रांतीचे (क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंशांतले अंतर) आकाश जाते. कन्या आणि अरुंधती केश यांमधला दीर्घिकांचा मोठा समूह साधारण १२ अंशांवर आहे, म्हणून एप्रिलच्या रात्री तो येथे जवळजवळ डोक्यावर येतो. लंडनमध्ये तो ५० अंशांच्या आसपासच चढतो. सिंहेतील ६५ व ६६, अरुंधती केशातील ६४, ९९ आणि १०० या मेसिए दीर्घिकाही आपल्याला माथ्यावर मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्रिकोणातली ३३ वी आणि देवयानी उंचावर असतात. दक्षिणेकडे शिल्पकार समूहातली एनजीसी २५३ (एनजीसी ही मेसिएहून मोठी दुसरी यादी) आणि वासुकीतली ८३ वी ४१ ते ४६ अंशांपर्यंत चढतात. युरोपातल्या निरीक्षकाला त्या इतक्या उंच कधीच मिळत नाहीत. नरतुरंगातील एनजीसी ५१२८ सुद्धा २८ अंशांपर्यंत येते, पण दक्षिण दिशा मोकळी हवी. ८१ आणि ८२ ही सप्तर्षीतली जोडी ४० अंशांच्या खालीच राहते. तिच्यासाठी उत्तरेकडे फार उजेड नसलेली गच्ची शोधावी.

जून ते सप्टेंबर पावसात जातात. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये हवा धुतलेली असते आणि पारदर्शकता उत्तम मिळते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुरके खाली बसते. कोकणपट्टीत दमटपणामुळे भिंगावर दव साचते, तेथे ड्यू हीटरची पट्टी लागतेच. रात्री एक-दीडनंतर दुकानांचे व क्रीडांगणांचे झोत विझतात. मोलाचे तास तेच.

पुण्याची १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचे खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनातून अनेकांना या छंदाची वाट सापडली आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. वर्षातून एकदा अशा ठिकाणी जाऊन रंगाची चित्रे घ्यावीत आणि शहरातल्या गच्चीवर जमवलेल्या तासन्‌तासांच्या चित्रांशी ती जोडावीत. ही पद्धत मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

वैज्ञानिक उपयोग

२१ जानेवारी २०१४ रोजी लंडन शहरातील मिल हिल येथे, विद्यापीठाच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी काही पदवीपूर्व विद्यार्थ्यांना ३५ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीवरचा कॅमेरा शिकवत होते. ढग भरून येत होते, म्हणून मोकळ्या राहिलेल्या आकाशातली ८२ वी दीर्घिका त्यांनी निवडली. चित्रात पूर्वी नसलेला एक तारा होता. तो ‘आयए’ (Ia) प्रकारचा अतिनवतारा (स्फोट होऊन एकाएकी उजळलेला तारा) एसएन २०१४जे ठरला, कित्येक दशकांतील या प्रकारचा सर्वांत जवळचा. मे २०२३ मध्ये जपानी हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना १०१ व्या दीर्घिकेत एसएन २०२३आयएक्सएफ सापडला. तो ११ व्या प्रतीच्या आसपास पोचल्याने शहरातल्या लहान दुर्बिणींनाही टिपता आला.

अतिनवतारा हा बिंदूसारखा असल्याने त्याला दीर्घिकेच्या फिकट बाहूंइतका आकाशाच्या उजेडाचा त्रास होत नाही. शेजारच्या माहीत असलेल्या ताऱ्यांशी तुलना करून त्याची प्रत मोजता येते. ठरावीक फिल्टर वापरून, वेळेची अचूक नोंद ठेवून अशी मोजमापे दर रात्री केली तर ती बदलत्या ताऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या एएव्हीएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे पाठवता येतात. त्यासाठी चित्र सुंदर करण्याआधीच्या, फक्त डार्क (दुर्बिणीला झाकण लावून घेतलेली चित्रे) आणि फ्लॅट लावलेल्या मूळ फाइल जपून ठेवाव्यात.