अंतर तेच, वेळ वेगळी

पृथ्वीगोल हाती असेल तर इस्तंबूल आणि न्यूयॉर्क शोधून पाहा. दोन्ही शहरे ४१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर वाट नाकासमोर पश्चिमेला जाते. गोलावर मात्र दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला की तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि आयर्लंड, न्यूफाउंडलंडवरून जातो. दोऱ्याची ही वाट सुमारे ८,१०० किलोमीटरची. अक्षांश धरून गेलात तर जवळपास ६०० किलोमीटर जास्त पडतात. गोलावरच्या अशा सर्वांत जवळच्या वाटा बृहद्वृत्तावर, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर, असतात. विषुववृत्त हे आपल्या ओळखीचे बृहद्वृत्त.

अंतर असे दोऱ्याने मोजता येते. वेळेचे गणित इतके सरळ नाही. न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. लंडनला जाताना विमान हवेत सहा-साडेसहा तास असते, परतताना तासभर तरी जास्त लागतो. यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘पृथ्वी फिरते ना!’ पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे हे उत्तर खरे असते तर पश्चिमेचा प्रवास लवकर संपला असता. शिवाय वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. विमान हवेत उडाले म्हणून जमीन त्याच्याखालून निसटत नाही.

खरे कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर आहे. उष्ण आणि थंड प्रदेशांतल्या तापमानाच्या फरकामुळे तिथे वारा जोर धरतो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे तो पूर्वेकडे वळतो. (म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण आडून!) हेच झोतवारे. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून ते मोजले होते. जगभर वाचले जावे म्हणून त्यांनी १९२६मध्ये अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत काढला, आणि म्हणूनच की काय, तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना या वाऱ्यांचा तडाखा बसला, तेव्हा बाकीच्यांचे डोळे उघडले.

फेब्रुवारी २०२०मध्ये सियारा वादळाच्या काळात एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचले. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होते; धावती होती ती हवा.

मग जाताना वाचलेला वेळ आणि येताना गेलेला वेळ, फिट्टंफाट? नाही. ५,४०० किलोमीटरचे अंतर, विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १०० किलोमीटर धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन १२ तास. वाऱ्याबरोबर ५ तास २४ मिनिटे, वाऱ्याविरुद्ध ६ तास ४५ मिनिटे. बेरीज १२ तास ९ मिनिटे. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते, म्हणून नुकसान नेहमी फायद्यापेक्षा थोडे मोठेच.

म्हणून उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखतात. पूर्वेला जाणारी विमाने झोतवाऱ्यात शिरतात, पश्चिमेला जाणारी त्याला वळसा घालतात. त्या वळशात किलोमीटर वाढतात, तरी विमान लवकर पोचते.