इंदूरमध्ये आयटीआयचा अर्ज: आधी कागदांवरचं नाव जुळवा

राऊपासून पीथमपूरपर्यंतचा पट्टा झपाट्याने वाढतोय आणि तिथल्या कारखान्यांना फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हवेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएम-सेतू योजना सुरू केली. देशातल्या १,००० सरकारी आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) सुधारायला ६० हजार कोटी: ३० हजार केंद्राचे, २० हजार राज्यांचे, १० हजार उद्योगांचे. नवी मशीनं येतील, पण आपल्या पोराला त्यावर हात बसवायचा तर आधी प्रवेश मिळायला हवा.

वय १४ पूर्ण हवं. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, त्यांना दहावी गणित-विज्ञानासह लागते. वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना, म्हणजे अभ्यासक्रमांना, आठवीही चालते. नोंदणी ऑनलाइन, मग ट्रेड आणि संस्थेची चॉइस फिलिंग (पसंतीक्रम भरणं), मेरिट म्हणजे गुणवत्ता यादी, आणि अलॉटमेंट म्हणजे जागावाटप. नंदानगरच्या सरकारी आयटीआयसोबत जवळच्या इतर संस्थाही यादीत भरा. एकच पर्याय टाकून बसू नका.

कागद: दहावीची अंकसूची (गुणपत्रिका), टीसी, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-सदस्य क्रमांक), मूल निवासी दाखला, फोटो, लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. दाखले लोक सेवा केंद्रातून काढा, आणि अर्ज सुरू व्हायच्या आधीच काढा.

खरी गाडी अडते ती नावावर. आपल्या मराठी घरांत मधलं नाव वडिलांचं. माझ्या भाच्याच्या आधारवर तिन्ही नावं होती, अंकसूचीवर मधलं नावच नाही, आणि समग्रमध्ये आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. कियॉस्कवाल्याने "चलेगा" म्हणून फॉर्म भरला. पडताळणीच्या दिवशी टेबलापलीकडच्या बाईंनी तीन कागद शेजारी ठेवले, पेनाने नावाखाली रेघ ओढली आणि फाइल परत सरकवली. ताई तिथेच रडली. पोराची काहीच चूक नव्हती.

म्हणून क्रम असा ठेवा. अंकसूची बदलणं सगळ्यांत अवघड, तेव्हा तिच्यावरचं नावच प्रमाण माना. आधारवरचं नाव तसं करून घ्या; आयुष्यात ते दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचून मगच सबमिट करा. त्यानंतर समग्रची ई-केवायसी. कुटुंबाचा आयडी ८ अंकी आणि सदस्याचा ९ अंकी असतो. फॉर्ममध्ये मुलाचा ९ अंकी टाका. बँक खातंही आधारला जोडा. कुठेच दाद लागली नाही तर १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

प्रवेश झाला की हजेरी सांभाळा. परीक्षेला बसायला ८० टक्के लागते, आणि गावी लग्नकार्यासाठी आठ-आठ दिवस बुडवलेली मुलं इथेच अडकतात.

पुढे काय, हे पालक नेहमी विचारतात. मध्य प्रदेशाची सीखो-कमाओ योजना २०२३ ची: वय १८ ते २९, राज्याचे मूल निवासी, शिक्षण बारावी, आयटीआय किंवा त्याहून पुढचं. कारखान्यात काम शिकताना बारावीवाल्याला महिना ८,०००, आयटीआयवाल्याला ८,५०० रुपये असे ठरले. त्यातले ७५ टक्के सरकार थेट खात्यात टाकतं. तिथेही समग्र आणि आधारवरचं नाव एकच लागतं.