बेटावरचं पर्यटन: अनुकूलन कुठलं, शमन कुठलं?

बेटावरच्या एखाद्या रिसॉर्टची माहितीपुस्तिका उघडा. हवामान बदलाच्या पानावर सगळं एकाच दमात सांगितलेलं असतं: छतावर सौर पॅनेल, किनाऱ्यावर नवी वाळू, खांबांवर उंच उचललेल्या खोल्या, प्रवाळाची रोपवाटिका. यातलं सौर पॅनेल तेवढं शमन. बाकीची तिन्ही कामं अनुकूलनाची. सरमिसळ केली की काय करायचं राहून गेलंय, ते सोयीस्कररीत्या झाकलं जातं.

घोळाला शब्दांचाही हातभार आहे. शमन म्हटलं की वेदनाशमन आठवतं, म्हणजे त्रास कमी करणं. हवामानाच्या चर्चेत मात्र शमन म्हणजे दुखण्याच्या मुळालाच हात घालणं: डिझेल, विमानाचं इंधन आणि त्यातून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी करणं. त्रास सोसण्याजोगा करायचा, तो अनुकूलनाने. भरीस भर, शमनाला इंग्रजीत ‘मिटिगेशन’ म्हणतात, आणि आपत्ती व्यवस्थापनातली माणसं समुद्राच्या भिंतीलाही तोच शब्द वापरतात, कारण लाटेचा तडाखा कमी झाला. हवामानवाल्यांच्या वहीत तीच भिंत अनुकूलनाच्या रकान्यात जाते.

मी एक खूण वापरतो: फायदा कोणाच्या पदरात पडतो ते बघायचं. भिंतीचा फायदा भिंतीमागच्यांना, आणि ती उभी राहिल्या दिवसापासून. न सोडलेल्या धुराचा फायदा साऱ्या जगात वाटला जातो, तोही सावकाश. ज्याने धूर वाचवला त्याच्या वाट्याला कणभरच येतो.

मालदीवचं बघा. जवळपास 1,200 बेटं आणि समुद्रसपाटीपासून सरासरी उंची दीड मीटर. 1987 मध्ये मोठ्या लाटा राजधानी मालेत घुसल्या, त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती भिंती उभ्या राहिल्या. 1997 पासून भराव टाकून हुलहुमाले हे नवं बेट तयार केलं, तेही मुद्दाम सुमारे दोन मीटर उंच. हे अनुकूलन शहराला चालतं. पण काँक्रीटच्या ठोकळ्यांआडून सूर्यास्त बघायला कोण हजारो किलोमीटर येणार? म्हणून रिसॉर्टवाले समुद्रातून वाळू उपसून किनाऱ्यावर ओततात. वाऱ्याची दिशा फिरली की ती वाहून जाते. मग पुन्हा उपसा, पुन्हा डिझेल.

गोड्या पाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. सखल बेटाच्या पोटात पावसाच्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. समुद्र चढला किंवा उपसा वाढला की तो मचूळ होतो. उपाय म्हणून समुद्राचं पाणी गोडं करणारा आरओ प्रकल्प बसवतात. अनुकूलन म्हणून अगदी चोख. आता हिशेब करा. 1,000 लिटर पाण्याला साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते. जनरेटरवर तेवढी वीज काढायला एक लिटरच्या आसपास डिझेल जळतं, म्हणजे अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. हाच प्रकल्प सौर विजेवर चालवला तर तहानही भागते आणि धूरही वाचतो.

प्रशांत महासागरातल्या बोरा बोरा बेटावरच्या एका हॉटेलने 2006 मध्ये वेगळीच शक्कल लढवली: सुमारे 900 मीटर खोलीवरचं, 5 अंशांच्या आसपासचं पाणी वर आणून त्यावर खोल्या गार करायच्या. वाढत्या उकाड्यात पाहुण्यांची सोय झाली आणि एसीची बरीचशी वीजही वाचली.

पण धुराचा मोठा हिस्सा बेटावर नसतोच, तो आकाशात असतो. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं उत्सर्जन कुठल्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत, त्याची नोंद वेगळी ठेवतात. त्यामुळे ‘कार्बन न्यूट्रल’ची, म्हणजे जेवढा कार्बन सोडला तेवढा भरून काढल्याची, पाटी वाचताना हिशेब विमानात बसल्यापासूनचा आहे की उतरल्यानंतरचा, हे विचारावं. 2021 च्या ग्लासगो जाहीरनाम्यात पर्यटन क्षेत्रातल्या संस्थांनी 2030 पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणायला पाठिंबा दिला. दूरच्या बेटासाठी याचा रोकडा अर्थ असा की पाहुण्याने वर्षातून तीनदा चार-चार दिवस येण्यापेक्षा एकदाच येऊन बारा दिवस राहावं. पॅनेलसारखा याचा फोटो काढता येत नाही, ही अडचण आहेच.

रोपवाटिकेत वाढवलेल्या प्रवाळाचं पुढे काय होणार, तेही या धुरावरच ठरतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाच्या 2018 च्या अहवालानुसार तापमानवाढ 1.5 अंशांवर थांबली तरी प्रवाळ 70 ते 90 टक्क्यांनी घटेल. 2 अंशांना 99 टक्क्यांहून अधिक. तेव्हा छोट्या बेटांनी आधी भिंती बांधल्या तर मी त्यांना बोल लावणार नाही. जगाचा धूर त्यांच्या हातात नाही. विमान कंपन्या आणि बड्या हॉटेल साखळ्यांना मात्र ही सबब चालू नये.

आणि काही गोष्टी दोन्ही रकान्यांत बसतात, नेमक्या त्याच उपटल्या जातात. उथळ पाण्यातलं समुद्री गवत मुळांनी वाळू धरून ठेवतं आणि चिखलात कार्बनही साठवतं. पण वरून ते काळपट डागासारखं दिसतं, पाहुण्यांच्या पायाला लागतं. मालदीवमधल्या कितीतरी रिसॉर्टनी ते काढून टाकलं, का तर फोटोत पाणी निळंशार दिसावं.