साडेपंचवीस रुपयांचं पाणी

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक अडकला. पहाटे साडेचारला पाणी येतं, वॉचमन खालच्या टाकीतून पंप सुरू करतो आणि वरची टाकी भरली की पाणी आपोआप थांबायला हवं. ते थांबत नव्हतं. जादा पाणी गच्चीवरून थेट पावसाळी पायपात उतरत होतं, त्यामुळे खाली कोणाला पत्ता नाही. सातव्या मजल्यावरच्या आजी तेवढ्या म्हणत होत्या, की पहाटे पावसाचा आवाज येतो. मेमध्ये पाऊस कुठला, म्हणून त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. बाराव्या दिवशी प्लंबर वर गेला तेव्हा आजींचा पाऊस सापडला.

रोज साधारण 10,000 लिटर गेलं असं धरून मी हिशोब मांडला. बारा दिवसांचे 1,20,000 लिटर. मुंबईत इमारतीतल्या घरांना पाणी 1,000 लिटरला ढोबळ 6 रुपयांनी मिळतं, म्हणजे झाले 720 रुपये. त्यावर 70 टक्के मलनिःसारण आकार, 504 रुपये. एकूण 1,224. आमची घरं 48, तेव्हा घरटी साडेपंचवीस रुपये. चढत्या दराच्या वरच्या टप्प्यात काही पाणी गेलं असेल तर आणखी थोडे. पुन्हा असं होऊ नये म्हणून टाकीला सेन्सर बसवायचा ठराव मी सभेत मांडला. खर्च साडेतीन हजार. खजिनदार काकांनी तिथल्या तिथे भागाकार केला आणि म्हणाले, "म्हणजे अजून तीन वेळा बॉलकॉक अडकला की पैसे वसूल." ठराव पुढच्या सभेवर गेला. काकांचं गणित चूक नव्हतं, हीच अडचण आहे.

पाणी वाचवा असं सगळे सांगतात. पण पाणी विकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा जरा विचित्र धंदा आहे. दूधवाला दूध कमी खपलं तर दुसऱ्या दिवशी कमी आणतो. पाणीपुरवठा यंत्रणेला तसं करता येत नाही. मुंबईला सात तलाव पाणी देतात: विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा. विहार 1860 सालचा, तर मध्य वैतरणा धरण 2014 मधलं. या दीडशे वर्षांत बांधलेली धरणं, शंभर-शंभर किलोमीटरच्या मोठ्या जलवाहिन्या, जमिनीच्या पोटात खोल खोदलेले जलबोगदे, भांडुपचं प्रचंड शुद्धीकरण संकुल आणि गल्लोगल्ली व्हॉल्व फिरवणारे चावीवाले, या सगळ्याचा खर्च ठरलेला असतो. तुम्ही बादलीने आंघोळ करा नाहीतर शॉवरने, तो तेवढाच होतो. पाणी कमी वापरलं की वाचते ती फक्त तुरटी, क्लोरीन, थोडी वीज, आणि मोजून घेतलेल्या कच्च्या पाण्याचे शासनाला द्यायचे पैसे. मुंबईचं बरंचसं पाणी तर उतारानेच येतं, त्यामुळे विजेची बचतही सगळीकडे सारखी होत नाही. मुख्य पंपिंग लागतं ते भातसाच्या पाण्याला, पिसे-पांजरापूरला.

थोडक्यात, खर्चाचा मोठा वाटा स्थिर आणि उत्पन्नाचा मोठा वाटा मीटरवर अवलंबून. लोकांनी मनापासून पाणी वाचवलं की खर्च जवळपास तिथेच राहतो आणि उत्पन्न घसरतं. मग दर वाढवावा लागतो, आणि लोक म्हणतात, वाचवल्याची हीच शिक्षा का?

हे सगळ्यात ठळकपणे घडलं केपटाऊनमध्ये. तिथे 2015 च्या सुमारास दिवसाला साधारण 1,200 दशलक्ष लिटर पाणी वापरलं जायचं. सलग तीन वर्षं पाऊस आटला आणि 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी 50 लिटरची मर्यादा आली. लोकांनी आंघोळीचं पाणी संडासला वापरलं, बागा सुकू दिल्या आणि वापर निम्म्याहून खाली आणला. जगभर कौतुक झालं. त्याच वर्षी जुलैपासून बिलात एक नवी ओळ आली, जोडणीच्या पायपाच्या आकारानुसार दरमहा ठरावीक आकार. पाणी कितीही कमी वापरलं तरी तो द्यायचाच. लोक चिडले, आणि ते समजण्यासारखं आहे. पण पालिकेकडे दुसरा मार्गही फारसा नव्हता. जर्मनीत तर आणखी वेगळी कथा. बर्लिनमध्ये एकीकरणानंतर पाण्याचा वापर इतका घटला, की जाड पायपांतून पाणी संथ वाहू लागलं, गटारांत गाळ बसू लागला, उन्हाळ्यात वास यायला लागला. शेवटी गटारं धुवायला वरून पाणी सोडावं लागलं. वाचवलेलं पाणी गटारात!

हे वाचून मुंबईकराला वाटेल, मग नळ सोडूनच ठेवावा, पालिकेचं भलं होईल. तसं नाही. केपटाऊनचं गणित मुंबईला जसंच्या तसं लावलं तर घोटाळा होतो, आणि तो अनेक जण करतात.

मुंबईला रोज साधारण 3,900 दशलक्ष लिटर पाणी मिळतं आणि मागणी त्याहून काहीशे दशलक्ष लिटरने जास्त आहे. म्हणजे इथे गिऱ्हाईक दारात रांग लावून उभं आहे. मी दादरमध्ये एक हंडा वाचवला तर तो न विकता पडून राहत नाही, कुठेतरी मानखुर्दला किंवा मालाडच्या टेकडीवर त्याची वाट पाहिली जाते. त्यामुळे घरगुती बचतीने पालिकेचं फारसं बिघडत नाही. उलट घराघरांत जाणारं पाणी खर्चापेक्षा कमी दराने विकलं जातं. खरी कमाई दुसरीकडून होते.

गेल्या काही वर्षांचे 1,000 लिटरचे, म्हणजे एका किलोलिटरचे, दर पाहा. घरांना 6 रुपयांच्या आसपास, झोपडपट्टीला त्याहून कमी. उद्योगांना साधारण 60 रुपये. मोठ्या तारांकित हॉटेलांना 90 रुपयांच्या वर. बाटलीबंद पाणी आणि शीतपेयं करणाऱ्यांना 120 च्याही पुढे. एक मोठं हॉटेल रोज 100 किलोलिटर पाणी कमी घेऊ लागलं (सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच बागेला, एसीच्या कूलिंग टॉवरला वापरलं), तर पालिकेचे रोजचे 9,000 रुपये गेले. तेवढेच पैसे घरगुती पाण्यातून उभे करायचे तर 1,500 किलोलिटर विकावं लागेल, म्हणजे चार माणसांच्या सुमारे पावणेतीन हजार कुटुंबांचं रोजचं पाणी. पर्यावरणाच्या दृष्टीने त्या हॉटेलने अगदी योग्य काम केलं. तिजोरीच्या दृष्टीने एका मोठ्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. मुंबईतला खरा पेच इथे आहे, तुमच्या-माझ्या बादलीत नाही.

मग घरगुती दर वाढवा, असं कोणी म्हणेल. पालिकेच्या 2012 च्या धोरणाप्रमाणे दरवर्षी जास्तीत जास्त 8 टक्के वाढ करता येते. 2022 मध्ये 7.12 टक्के वाढ झाली, 2023 ची थांबली. मुंबईत पाण्याचा दर वाढवायला कोणता महिना सोयीचा असतो, हे राजकारण्यांना कोणी शिकवायला नको. माझ्या मते दर वाढायला हवेत, पण त्याने बचत होईल ही अपेक्षा ठेवू नये. जगभरच्या अभ्यासांत साधारण असं दिसतं की भाव 10 टक्क्यांनी वाढला तर घरगुती वापर फार तर तीन-चार टक्क्यांनी घटतो. आणि तोही जिथे माणसाला स्वतःचं बिल दिसतं तिथे.

आमच्याकडे ते दिसतच नाही. पालिकेचा मीटर एक, गेटच्या बाजूला, झाकणाखाली, चिखलात. बिल सोसायटीच्या नावावर येतं, मग मेंटेनन्समध्ये सगळ्यांवर सारखं वाटलं जातं. दोन बाथटब असलेल्या घरालाही तेवढंच आणि एकट्या राहणाऱ्या निवृत्त मास्तरांनाही तेवढंच. माणशी 150 लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढे दुप्पट, तिप्पट, 250 लिटरनंतर चौपट, अशी चढत्या टप्प्यांची पद्धत कागदावर चांगली आहे. पण सरासरी अख्ख्या इमारतीची निघते, तेव्हा मास्तरांची काटकसर बाथटबवाल्यांच्या खात्यात जमा होते. घरोघर मीटर लावायला जावं तर जुन्या इमारतीत एका फ्लॅटला तीन-चार उभ्या लाइनी येतात: मोरीची वेगळी, स्वयंपाकघराची वेगळी, संडासची वेगळी. एका फ्लॅटला चार मीटर कोण लावणार?

दुसरी नासाडी वेळेच्या पाण्याने होते. चाळीत वाढलेल्या प्रत्येकाने हे पाहिलंय: पाणी आलं की आधी कालचं "शिळं" पाणी ओतून द्यायचं आणि पिंप नव्याने भरायचं. पाणी शिळं होत नाही, पण उद्या येईल की नाही याची खात्री नसली की माणूस साठवतो, आणि आलं की साठवलेलं फेकतो. शिवाय पुरवठा बंद असताना पाइप रिकामा, दाब गेलेला. चीर असेल तर बाजूच्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. मग पुन्हा पाणी सोडलं की आधी हवा सुटते आणि काही मीटर हवेवरसुद्धा फिरतात. चोवीस तास पाण्याचा प्रयोग मुलुंड आणि वांद्र्याला हाती घेतला गेला तो याचसाठी.

आणि मग गळती. गळती आणि चोरी मिळून पुरवठ्याचा पाव ते एक तृतीयांश भाग जातो, असं सांगितलं जातं. पाव भाग धरला तरी रोजचे 950 दशलक्ष लिटरच्या वर होतात. या पाण्याची गंमत अशी की शुद्धीकरणाचा, वाहून आणण्याचा, क्लोरीनचा सगळा खर्च झालेला असतो आणि बिल शून्य. एका ठिकाणची चीर केवढ्याला पडते, याचा नमुना 2023 मध्ये पाहिला. ठाण्यात कोणीतरी बोअरवेल खणताना खालच्या जलबोगद्यालाच भोक पाडलं. दुरुस्तीसाठी मार्चअखेरीपासून महिनाभर मुंबईला 15 टक्के पाणीकपात. आमच्या सोसायटीने तेव्हा टँकर मागवले, 10,000 लिटरचा एक टँकर दोन हजारांच्या घरात. म्हणजे 1,000 लिटरला 200 रुपये. जे पाणी पालिकेकडून 6 रुपयांना घेताना खजिनदार काका सेन्सरला नाही म्हणाले, तेच 200 ला घेताना कोणी भागाकार केला नाही.

आता मनोरीकडे येऊ. समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प तिथे योजला आहे, सुरुवातीला रोज 200 दशलक्ष लिटर, पुढे 400 पर्यंत वाढवता येईल असा. समुद्राच्या पाण्यातलं मीठ बाजूला काढायला ते प्रचंड दाबाने बारीक पडद्यातून ढकलावं लागतं आणि 1,000 लिटरला तीन-साडेतीन युनिट वीज लागते. युनिट 8 रुपयांनी धरलं तर नुसती वीजच 24 ते 28 रुपयांची. विकायचं 6 रुपयांना. शिवाय 200 दशलक्ष लिटर म्हणजे आपल्या गळतीचा जेमतेम पाचवा हिस्सा.

असा प्रकल्प मी विरोधासाठी विरोध म्हणून नाकारत नाही. पावसाने दगा दिला तर समुद्र दगा देत नाही, ही मोठी गोष्ट आहे. मुंबईसाठी योजलेल्या गारगाई धरणाला लाखांनी झाडं जाणार आहेत, तिथली किंमतही कमी नाही. पण मेलबर्नची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुष्काळाच्या धसक्याने त्यांनी वाँथागीला असाच मोठा प्रकल्प उभारला. 2012 च्या अखेरीस तो तयार झाला तोवर पाऊस परतला होता, लोकांनाही काटकसरीची सवय लागली होती. पहिलं पाणी मागवलं गेलं ते 2016 मध्ये. मधली सगळी वर्षं एक थेंबही न घेता लोक त्याचे हप्ते भरत होते, कारण करारच तसा होता. अशा ठिकाणी मात्र बचत खरोखर महागात पडते: यंत्रणा उभी राहिल्यावर केलेली बचत खर्च कमी करत नाही.

उलटं उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं वेस्टमिन्स्टर हे छोटं शहर. तिथेही दर वाढल्यावर लोकांनी तोच प्रश्न विचारला, वाचवूनही बिल का वाढतं? पालिकेने 1980 ते 2010 पर्यंतचा हिशोब काढला. माणशी वापर 21 टक्क्यांनी घटला होता. तो घटला नसता तर नवं पाणी, नवी शुद्धीकरण केंद्रं, नवी कर्जं घ्यावी लागली असती आणि घराचं बिल 91 टक्के जास्त आलं असतं. बिल वाढलं होतं हे खरं, पण न वाचवता ते जवळपास दुप्पट झालं असतं. या हिशोबातली मेख वेळेची आहे. पुढचं धरण बांधायच्या आधी केलेली बचत पैसे वाचवते, नंतरची पैसे घालवते.

मुंबई सध्या त्या "आधी"मध्ये उभी आहे. करता येण्याजोगं बरंच आहे आणि त्यातलं काही आपल्याकडे कायद्यात पडूनही आहे. मालमत्ता कराच्या बिलात "जललाभ कर" नावाची ओळ असते, ती कोणी वाचत नाही. पाणी किती वापरलं याच्याशी तिचा संबंध नाही, जोडणी दाराशी आहे याचे ते पैसे. केपटाऊनने 2018 मध्ये जे नव्याने लावलं, त्याचं बीज आपल्या बिलात आधीपासून होतं. पण 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. माफी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, पण शहरातली बहुतेक घरं याच आकाराची आहेत, आणि त्या वाटेने येणारा स्थिर पैसा आटला. स्थिर खर्चासाठी जोडणीच्या आकाराप्रमाणे थोडा स्थिर आकार, गरिबाला मूलभूत पाणी स्वस्त, आणि हॉटेलांच्या 90 रुपयांवर इतकं टेकून न बसणं, एवढं झालं तर हॉटेलने पाणी पुन्हा वापरलं म्हणून कोणाच्या पोटात गोळा येणार नाही.

आणि गळती थांबायच्या आधी मनोरी आली, तर करारात "पाणी घेतलं नाही तरी" या शब्दांपुढे किती आकडा लिहिलाय, ते पान मी तरी सगळ्यात आधी उघडणार आहे.