कमिट संदेशाची पहिली ओळ ५० अक्षरांचीच का?

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये असो की मिहानमध्ये, नव्याने रुजू झालेल्या मुलाने ‘फिक्स’ एवढंच लिहून कमिट (गिट या साधनात कोडमधल्या बदलाची संदेशासह केलेली नोंद) मारलं की रिव्ह्यूमधून, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीतून, ते परत येतं. सोबत सूचना: पहिली ओळ ५० अक्षरांत, मग एक ओळ कोरी, पुढचा मजकूर ७२च्या आत. हे आकडे आले कुठून, हे कोणी सांगत नाही. मग ती नुसती शिस्त वाटते.

मार्क रॉचकाइंड यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ साली एससीसीएस हे कोडच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारं साधन तयार केलं, वॉल्टर टिची यांचं आरसीएस १९८२चं. दोन्हींत प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा. १९८६मध्ये डिक ग्रून यांनी जाहीर केलेलं सीव्हीएस अख्खा प्रकल्प सांभाळायचं, पण नोंद फाइलनिहायच. पाठवताना मध्येच जोडणी तुटली, तर काही फाइल्स नव्या आणि काही जुन्या राहायच्या. ‘एक बदल’ अशी वस्तूच नव्हती, मग तिचं वर्णन कसं करणार? सबव्हर्जनने (आवृत्ती १.०, २००४) ही अडचण सोडवली: बदल पूर्ण जाईल, नाहीतर जाणारच नाही.

संदेशाला आजचा आकार मात्र लिनक्स बनवणाऱ्यांच्या ईमेलने दिला. तिथे पॅच (कोडमधल्या बदलांचा मजकूर) ईमेलने फिरत, आणि तिथे वापरात असलेल्या बिटकीपर या आवृत्ती-साधनाचा मोफत वापर बंद झाल्यावर एप्रिल २००५मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या गिटने तीच पद्धत उचलली. पॅच ईमेलमध्ये बदलताना पहिली ओळ विषय होते, कोऱ्या ओळीनंतरचं सगळं मजकूर. कोरी ओळ विसरलात तर गिट पुढच्या ओळीही विषयातच जोडतं. ७२चा हिशेब टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा आहे: ८० स्तंभ, कमिट्सची यादी दाखवणारं गिट लॉग डावीकडे ४ जागा सोडतं, उजवीकडेही तेवढ्याच सोडल्या. ५० हा तांत्रिक बंध नाही, थोडक्यात लिहायला लावणारा संकेत आहे. टिम पोप या प्रोग्रॅमरच्या २००८च्या टिपणामुळे ही जोडी सर्वदूर गेली. मराठीत संदेश लिहिणाऱ्यांनी एक तपासावं: यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. तपासणीची स्क्रिप्ट बाइट मोजत असेल, तर १६ चिन्हांतच मर्यादा भरते.

आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट ‘एक कमिट, एक बदल’ ही. समजा, कळमन्याच्या अडत्यासाठी संत्र्याच्या हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर आहे. ‘हमाली वजा केल्यावरच रक्कम पूर्णांकात आणा’ ही झाली पहिली ओळ. खाली कारण: आधी पूर्णांक केल्याने पट्टी आणि रोजमेळ यांत पैशांचा फरक पडत होता. काय बदललं ते कोड दाखवतोच. का बदललं हे फक्त इथेच उरतं. त्याच कमिटमध्ये चलांची (व्हेरिएबल्सची) नावंही बदलली असतील, तर ती मागे घेताना हिशोबाची दुरुस्तीही जाते. म्हणून कमिटसाठी बदल निवडणाऱ्या गिट ॲड या आज्ञेला ‘-पी’ जोडून बदलांचे तुकडे निवडावेत, आणि नावांचं कमिट वेगळं करावं.

याचा खरा उपयोग गिट बायसेक्टमध्ये कळतो; ही आज्ञा दर तपासणीला उरलेली निम्मी कमिट्स बाद करत बिघाड शोधते. १,००० कमिट्समधून बिघाड आणणारं एक साधारण १० तपासण्यांत सापडतं. मधली काही कमिट्स बिल्डच होत नसतील, म्हणजे त्यांतून चालणारा प्रोग्रॅमच तयार होत नसेल, तर ती वगळावी लागतात, आणि बिघाड त्यांच्याच आसपास असला तर शेवटी हाती एका कमिटऐवजी संशयितांची यादी येते.