सहावीचा ‘पोर्शन’ घरीही संपवावाच लागतो?

‘घरी शिकवायचं तर सहावीची सगळी पुस्तकं संपवा, प्रगतिपुस्तक नसेल तर दहावीला बसताच येत नाही,’ असं पालक एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलेत. तसं नाही. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीसाठी किमान वय १४ लागतं. सहावीचे गुण कोणी विचारत नाही. विषय पाच पुरतात, त्यात एक तरी भाषा हवी. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात तीन वर्षं आहेत. गणित मात्र रोज हवंच: अपूर्णांक कच्चे राहिले की पुढे बीजगणित अडतं. इतिहासाला घाई नाही. आधी जवळचा किल्ला चढा, मग पुस्तक उघडा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती हाताशी ठेवा. आणि हो, अकरा ते पाचचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवू नका. आमच्याकडे ते चार दिवस टिकलं.