पडलेला टेक शेअर खरंच स्वस्त असतो का? मोजमापाची पार्श्वभूमी

मार्च 2000 मध्ये 5,048 वर बंद झालेला नॅस्डॅक, म्हणजे टेक शेअरांचा भरणा असलेला अमेरिकी निर्देशांक, ऑक्टोबर 2002 मध्ये 1,114 वर आला. घसरण 78 टक्क्यांची, आणि वाटेत प्रत्येक पायरीवर ‘आता अजून किती पडणार?’ म्हणत खरेदी करणारे होतेच. हिशेब निर्दय आहे: 80 टक्के पडलेला शेअर 90 टक्क्यांवर जातो, तेव्हा मध्ये शिरलेल्याचे निम्मे पैसे गेलेले असतात. जुना उच्चांक ही मूल्याची मोजपट्टी नव्हे, हे तेव्हा महागात पडून कळलं.

त्या तेजीत बऱ्याच कंपन्यांना नफाच नव्हता. पीई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा) निघेना, म्हणून बाजारमूल्याला (सगळ्या शेअरांच्या एकूण किमतीला) विक्रीने भागायची पद्धत रुळली. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचा शेअर 64 डॉलरला होता तेव्हा तो विक्रीच्या 10 पट होता. पुढे तिचे प्रमुख स्कॉट मॅकनीली यांनीच त्यातला फोलपणा मांडला: 10 वर्षांत पैसे वसूल व्हायचे तर सगळी विक्री लाभांश म्हणून वाटावी लागेल; म्हणजे पगार, कच्चा माल, संशोधन, कर, सगळं शून्य.

मायक्रोसॉफ्टचा धडा वेगळा. जून 2000 अखेरच्या वर्षातला 9.4 अब्ज डॉलरचा नफा 2010 पर्यंत दुप्पट झाला, तरी 1999 चा सुमारे 60 डॉलरचा उच्चांक ओलांडायला ऑक्टोबर 2016 उजाडलं. धंदा उत्तम होता. भाव चुकला होता.

आणखी एक भोक हिशेबाच्या नियमांतच होतं. कर्मचाऱ्यांना दिलेले स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) अमेरिकेत साधारण 2006 पासून सक्तीने खर्चात धरले जाऊ लागले. तरीही कंपन्या ‘समायोजित’ नफ्यातून तो खर्च आजही वगळतात. रोकड प्रवाह पाहतानाही तो वजा करावा, कारण त्याची किंमत वाढत्या शेअरसंख्येतून भागधारकच मोजतो.

2022 मध्ये अमेरिकी व्याजदर जवळपास शून्यावरून वर्षअखेर 4.25–4.50 टक्क्यांवर गेले. व्याज वाढलं की पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मोल घटतं, म्हणून लांबच्या नफ्याची आजची किंमत आटली. पण सगळा दोष व्याजाचा नव्हता. व्हिडिओ कॉलची सेवा देणाऱ्या झूमची विक्री जानेवारी 2021 अखेरच्या वर्षात 326 टक्क्यांनी वाढली होती, दोन वर्षांनी ती वाढ जेमतेम 7 टक्के उरली. ऑक्टोबर 2020 मध्ये 500 डॉलरच्या वर असलेला शेअर 2022 अखेर 70 च्या खाली होता, आणि त्याला ‘स्वस्त’ म्हणण्याआधी 7 टक्क्यांची कंपनी म्हणून तोलणं भाग होतं.

म्हणून उलटा हिशेब बरा: आजच्या भावात किती वाढ गृहीत आहे? समजा बाजारमूल्य 100 अब्ज डॉलर, वर्षाचा मोकळा रोकड प्रवाह (धंद्याचा खर्च आणि भांडवली गुंतवणूक भागवून उरणारी रोकड) 2 अब्ज. आपल्याला 10 टक्के परतावा हवा, तर 10 वर्षांनी बाजारमूल्य सुमारे 259 अब्ज लागेल. तेव्हा बाजार या रोकडीच्या 20 पट भाव देईल असं धरलं, तर रोकड 13 अब्ज हवी, म्हणजे सलग 10 वर्षं साडेवीस टक्के वाढ. भाव निम्मा झाला तरी साडेबारा टक्के लागतातच. शेअरसंख्या दरसाल 3 टक्के वाढत असेल, तर जवळजवळ 16. (मधल्या वर्षांची रोकड इथे सोडली आहे, ती धरली की आकडे थोडे सैल होतात.)

मेमरी चिपसारख्या चक्राकार, म्हणजे तेजी-मंदीच्या फेऱ्यांत चालणाऱ्या, धंद्यात मात्र हा हिशेब एका वर्षाच्या आकड्यावर करू नये. तिथे नफा शिखरावर असताना पीई सर्वांत कमी दिसतो, आणि शेअर बहुधा तेव्हाच पडायला लागलेला असतो. पूर्ण चक्राची सरासरी घ्यावी.